हातात दिलेली भाजी

मी गाव सोडलं त्या दिवशी मायनं माझ्यापेक्षा डब्यातल्या लोकांकडं जास्त लक्ष दिलं. आमच्या गावाला पिंगळीचं स्टेशन जवळ, पण मुंबईची गाडी तिथं थांबत नाही, म्हणून आम्ही परभणीला आलो होतो. भादव्याचे दिवस. मायच्या एका हातात माझी बॅग आणि दुसऱ्या हातात वाळकांची पिशवी. वाळूक म्हणजे पावसाळ्यात पऱ्हाटीत, ज्वारीत पसरणारी गावठी काकडी. ती आली की इतकी येते की खाऊन सरत नाही, आणि गावात विकायला काढावी तर घेणाऱ्याच्या घरीही तीच पडलेली असते. मला वाटलं पिशवी माझ्यासाठी आहे, आणि विमानात वाळकं कशी न्यायची या काळजीत मी पडले होते. गाडी आली, मी माझ्या जागेवर बसले, आणि माय डब्यात चढून एकेकाच्या हातात वाळूक ठेवू लागली. खिडकीपाशी बसलेल्या काकांना एक, समोरच्या नवरा-बायकोला दोन, वरच्या बर्थवर डोळा लागलेल्या माणसाला हलवून एक.

"घ्या, बिनऔषधाचं हाय. लेक एकटीच जायलीय माझी, विलायतला. ध्यान ठेवा बरं."

मी लाजेनं अर्धी झाले. नर्सिंग शिकलेली, तिशीला टेकलेली बाई मी, आणि ही मला लहान पोरीसारखी लोकांच्या हवाली करत होती. विमान तर मुंबईच्या पुढं आहे, हे लोक कुठवर ध्यान ठेवणार, असं मी पुटपुटले. "इथून तितंपस्तोर तर ठेवतील," माय म्हणाली आणि खाली उतरली. गाडी हलली तरी ती माझ्याकडं बघेना. खिडकीतल्या काकांना हातानं खूण करत राहिली की हीच ती, हीच. काकांनी मुंबईपर्यंत ध्यान ठेवलं. मी जागेवरून उठले की ते माझ्या बॅगेवर पाय ठेवून बसायचे, आणि चहावाला आला की मला न विचारता दोन चहा सांगायचे.

आता मी इंग्लंडच्या उत्तरेला, पाऊस आणि मेंढ्या सोडून फारसं काही नसलेल्या एका छोट्या गावात, केअर होममध्ये नर्स आहे. म्हणजे म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा. इथं सगळे एकमेकांना 'लव्ह' म्हणतात. पहिल्या दिवशी बसच्या ड्रायव्हरनं मला "थँक यू, लव्ह" म्हटलं तेव्हा बस दूर जाईपर्यंत मी मागं वळून बघितलं नाही. पुढं कळलं की तो रस्त्यावरच्या खांबालाही लव्ह म्हणेल. माणसं वाईट नाहीत. दार उघडून धरतात, हवेबद्दल दोन वाक्यं बोलतात, मग आपापलं दार लावून घेतात. माझ्या खोलीच्या खाली एक कुटुंब राहतं. त्यांच्या वॉशिंग मशीनची वेळ मला पाठ आहे, नावं माहीत नाहीत.

दिवसभर मी माणसांना हात लावते. अंघोळ घालते, कूस बदलते, केस विंचरते, घास भरवते. पण सगळं हातमोजे घालून. नियमच आहे, आणि बरोबर नियम आहे. एकदा शिफ्ट संपल्यावर मोजे काढून हात धुताना माझ्या लक्षात आलं की इथं आल्यापासून माझ्या उघड्या हाताला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. मी तिथंच बेसिनपाशी रडले. एकटं वाटतंय, हे मायला फोनवर सांगायची सोय नव्हती. ती विचारायची, "काय खाल्लंस?" मी म्हणायची, "भाजी-भाकरी." खाल्लेला असायचा ब्रेड.

कामाच्या वाटेवर एक बुटकं दगडी कुंपण आहे. त्यावर प्लास्टिकचा एक क्रेट ठेवलेला असायचा आणि त्यात भाज्या. लांबट शेंगा, बीट, आणि कोर्जेट नावाचं एक हिरवं फळ. दोडका, दुधी आणि काकडी या तिघांनी मिळून काहीतरी करायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं, असं ते दिसतं. पुठ्ठ्यावर लिहिलेलं असायचं, 'प्लीज हेल्प युअरसेल्फ'. घरच्या बागेत जास्तीचं पिकलेलं लोक असं दारापुढं ठेवतात, ज्याला हवं त्यानं उचलून न्यावं. इथली रीतच आहे. मी रोज तिथं थांबायची. शेंगा इतक्या कोवळ्या की तिथंच मोडून तोंडात टाकाव्यात. आणि मी तशीच पुढं जायची.

आमच्या घरात एक नियम होता. "कुणी दिल्याबगर घ्यायचं न्हाई. अन् हातात दिलेलं नको म्हणायचं न्हाई." मायला तो तिच्या सासूकडून, म्हणजे माझ्या आजीकडून मिळाला. विहारात पंचशील म्हणताना न दिलेलं न घेण्याचं शील आलं की आजी मला कोपरानं ढोसायची, जसं काही ते खास आमच्याच घरासाठी सांगितलेलं आहे. त्याला कारण होतं. आजी लहान असताना, आमची माणसं अजून बौद्ध झाली नव्हती तेव्हा, गावातले मळेवाले किडकी वांगी, जून झालेले दोडके कुपाटीवर, म्हणजे कुंपणावर ठेवायचे आणि लांबून हाक मारायचे, "न्या गं." द्यायला कुणी थांबायचं नाही, हाताला हात लागेल म्हणून. आजी आणि तिची आई ते वेचून आणायच्या. दीक्षा घेतल्यावर लग्न होऊन आजी आमच्या गावात आली, आणि आल्या आल्या तिनं घरामागं दोडक्याचा वेल लावला. म्हणायची, "आता कुणाच्या कुपाटीवरचं आणायचं न्हाई."

त्यामुळं क्रेट बघितला की मला आजीची कुपाटी दिसायची. ही कुपाटी वेगळी, ही चांगल्या मनानं भरलेली, हे मला कळत होतं. बायबापडी कुणीतरी सकाळी उठून, निवडून, पुसून ठेवत होती. पण माझा हात काही पुढं होत नव्हता.

आजीच्या नियमाला मायनं स्वतःची एक पुस्ती जोडली होती. एका वेलाचं पुढं भरलेलं परस झालं. दोडका, गवार, भेंडी, अंबाडी, चुका. वडील शाळेत शिपाई, मी एकुलती एक, तिघांच्या घराला लागणार किती? उरलेलं माय वाटायची, आणि ज्याला द्यायचं त्याच्या हातातच द्यायची. आमच्या जमिनीच्या तुकड्याला लागून सुभद्राकाकूंचं शेत आहे. मोठं, जुनं शेतकरी घर. त्यांच्या दारात माय दोडके घेऊन गेली की काकू उंबऱ्याच्या आतून म्हणायच्या, "ठिव तितं वट्यावर, पंचफुला." पंचफुला हे माझ्या मायचं नाव. माय ठेवायची नाही.

"वट्याला भाजी कराया येती का, सुभद्राबाई? हात म्होरं करा, मंग देते."

हसत म्हणायची, पण जागची हलायची नाही. काकूही कसनुसं हसायच्या, आणि आतून सासू खोकली की आत निघून जायच्या. माय ओटीतले दोडके तसेच घेऊन परत यायची. मग आम्हाला सकाळी दोडका, संध्याकाळी दोडका, आणि मध्ये त्याच्या शिरांची चटणी. पुढच्या तोडणीला बाई पुन्हा त्याच दारात उभी. मला भयंकर राग यायचा. जातेस कशाला, असं विचारलं तर म्हणायची, "मला द्यायचंय म्हणून जाते. घ्यायचं का न्हाई ते तिनं बघावं."

कित्येक पावसाळे असं चाललं. काकूंची सासू वारली त्या साली काकूंनी हात पुढं केला. माय घरी आली आणि नुसती चुलीपुढं बसून राहिली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "घेतले." ते दोडके काकूंच्या घरात शिजले की म्हशीपुढं पडले, कोण जाणे. मी म्हशीपुढंच पडले असं धरून चालले. मायचं मन मोठं आहे. माझं नाही, आणि त्याची मला फार लाजही वाटत नाही.

तर, सुट्टीच्या एका सकाळी मी त्या दगडी कुंपणामागच्या घराची बेल वाजवली. ठेंगणी, पांढऱ्या केसांची एक बाई बाहेर आली. हाताला माती. जोन तिचं नाव. मी माझ्या परभणीच्या इंग्रजीत म्हटलं, बाहेरची भाजी मला द्याल का? ती म्हणाली, अगं घे की, सगळ्यांसाठीच आहे. मी म्हटलं, हो, पण तुम्ही द्याल का? तिला कळेना. आधी वाटलं मी परवानगी मागतेय, मग वाटलं मला पिशवी हवी आहे. तिनं आतून पिशवी आणून दिली. मी पिशवी घेऊन तिथंच उभी, मायची लेक शोभावी अशी. शेवटी मी दोन्ही हात पुढं केले.

जोननं माझ्याकडं बघितलं. मग ती कुंपणापर्यंत चालत आली, क्रेटमधलं सगळ्यात मोठं कोर्जेट उचललं आणि माझ्या ओंजळीत ठेवलं. तिची मातीची बोटं माझ्या तळहाताला लागली. गार होती. जिथं उठता-बसता थँक यू म्हणतात त्या देशात मी नेमकं तेव्हाच थँक यू म्हणायला विसरले.

त्या दिवशी मी त्याची दोडक्यासारखी भाजी केली. ठेचलेला लसूण, मायनं बांधून दिलेलं काळं तिखट, वरून शेंगदाण्याचं कूट. सालं फेकवेनात, ती तव्यावर खरपूस करून तीळ घालून त्यांची चटणी केली. ज्वारीचं पीठ नव्हतं म्हणून सगळं ब्रेडशीच खाल्लं, पण पोट भरलं. फोनवर मायनं विचारलं, "काय खाल्लंस?"

"दोडका," मी म्हटलं. खोटं असलं तरी शेजारचंच.

"कुणी दिला?"

"जोननं."

"हातात?"

"हातात."

"बरं मंग," माय म्हणाली. जोन कोण, हे तिनं विचारलंच नाही.

चटणीची बाटली मी जोनला नेऊन दिली. तिनं माझ्यासमोर चमचाभर तोंडात घातली, कानापर्यंत लाल झाली, आणि दूध पीत पीत 'लव्हली' म्हणाली. त्यानंतर माझी कामावर जायची वेळ झाली की ती कुंपणापाशी येऊन उभी राहू लागली. बाकीचे लोक क्रेटमधून उचलून न्यायचे. मला मात्र ती हातात द्यायची, कधी शेंगा, कधी एखादंच बीट. का ते तिनं विचारलं नाही, आणि मला ते इंग्रजीत सांगता आलं नसतं. मराठीत तरी कुठं पटकन सांगता येतं?

थंडी आली आणि क्रेट आत गेला. बाग काळी पडली, जोननं दार लावून घेतलं, दुपारीच दिवे लागू लागले. मूठभर शेंगांनी कुणाचं एकटेपण जात नसतं. गावात राहिलेल्यांना माझ्या फोटोंत बर्फ दिसतो आणि मजा वाटते. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना त्या फोटोत नसलेली खोली दिसेल. त्या खोलीत बसून मी एकच विचार करायची. वडील जाऊन वर्षं झाली होती, मी इथं, आणि मायच्या परसात चौघांना पुरेल इतकं उगवतंय आणि खायला ती एकटी. मी मनाशी पक्कं केलं की माय आजारी पडली आणि तिच्यापाशी कुणी नसलं, तर नोकरी सोडून कायमचं परत जायचं. खरं सांगायचं तर आतून मी त्या निमित्ताची थोडी वाटच बघत होते.

पुढच्या भादव्यात माय तापली. सांधे धरले, बोटं मिटेनात, अंथरुणातून उठता येईना. मला तिनं कळू दिलं नव्हतं. एका दुपारी मी फोन लावला तर उचलला सुभद्राकाकूंनी.

"सुजाता का? आगं, तुझ्या मायला ताप हाय. मी हाय इथं, तू घोर करू नगंस."

मी व्हिडिओ लावायला सांगितला. काकूंना फोन धरता येईना. मला आधी आमचे पत्रे दिसले, मग काकूंच्या बांगड्या, मग त्यांनी फोन कशाला तरी टेकवल्यावर आमचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं ताट. ताटात दोडक्याच्या रश्शात कुस्करलेली भाकरी. काकू घास करून मायच्या तोंडात घालत होत्या. "येल नुस्ता लगडलाय," त्या म्हणत होत्या, "जून होऊन वाया जायला लागला. म्या तोडला, गल्लीत वाटला, अन् हिला चारायलेय. हिच्याच चुलीवर केलंय बघ." माय घास चावत होती आणि माझ्याकडं बघून हात हलवायचा प्रयत्न करत होती.

ताप उतरून माय बोलायला लागली तेव्हा मी पहिला प्रश्न तब्येतीचा विचारायला हवा होता. मी विचारलं, "काकू आपल्या घरात जेवल्या?"

"मंग? उपाशी जाती का?" माय म्हणाली.

मी फोन ठेवून खिडकीपाशी बसून राहिले. बरं वाटत होतं आणि रडूही येत होतं. मायपाशी हात होता, फक्त तो माझा नव्हता. जिच्यावर मी वर्षानुवर्षं राग धरला तिनं माझं काम केलं होतं, आणि परत जायचं जे एक कारण मी जपून ठेवलं होतं तेही काढून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी कामावर मी एका आजींना सूप भरवत होते. मोजे घातलेला माझा हात बघून मला आमचं ताट आठवत राहिलं. आजींनी विचारलं, काय झालं, लव्ह? मी म्हटलं, काही नाही, सूप गरम आहे.

हिवाळ्यात रजा मिळाली आणि मी गावी आले. माय काठी घेऊन चालत होती. परसात मेथी, वालाच्या शेंगा, आणि एका वाफ्यात दाटून आलेला हरभरा. काकू सकाळ-संध्याकाळ यायच्या. दोघींची आपली बोलणी होती, आपल्या थट्टा होत्या, ज्यातलं निम्मं मला कळायचं नाही. मी मधेच "कोण?" असं विचारलं की दोघी थांबून समजावून सांगायच्या, पाहुण्याला सांगावं तसं. एकदा काकूंनी तुरीच्या शेंगांची उसळ वाटीत घालून माझ्यापुढं धरली. माय चुलीकडून बघत होती. हातात दिलेलं नको म्हणायचं नसतं. मी हात पुढं केला. उसळ तिखटजाळ होती आणि फार छान होती.

जायच्या दिवशी मायला स्टेशनपर्यंत येववेना. दारातच तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. बोटं अजून सुजलेली होती. "जा," म्हणाली, "सुभद्राबाई येतेत संगं." परभणीला काकू माझ्याबरोबर आल्या, काखेत हरभऱ्याच्या ढाळ्यांचा भारा. सकाळी परसातून उपटलेला, मुळांना माती तशीच. मी जागेवर बसले. आणि काकू डब्यात चढून एकेकाला जुडी देऊ लागल्या.

"घ्या, बिनऔषधाचा हाय. आमची पोरगी एकटीच जायलीय. ध्यान ठेवा बरं."

एक गृहस्थ मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. वर न बघता म्हणाले, "ठेवा ना तिथं, सीटवर."

काकू तशाच उभ्या राहिल्या. जुडी हातात धरून.

"सीटला खाया येतंय का, दादा? हात म्होरं करा, मंग देते."

त्यांनी दचकून वर बघितलं आणि हात पुढं केला. काकूंनी त्यात जुडी ठेवली. मग माझ्याही हातात एक दिली, माझ्या गालाला मातीचा हात लावला आणि उतरल्या. गाडी हलली तरी त्या खिडकीपाशी उभं राहून त्या गृहस्थांना खूण करत होत्या की हीच ती, हीच.

सेलू येईपर्यंत डब्यात जिकडंतिकडं हरभऱ्याचे घाटे सोलणं चाललं होतं. समोरच्या बाईंनी विचारलं, "कोण त्या? सासू का तुमची?"

"न्हाई," मी म्हटलं. शेजारीण म्हणणार होते, पण तोंडातून निघालं, "घरच्या हायेत."

बाईंनी मान हलवली आणि सरकून मला आपल्या शेजारी जागा करून दिली. मी माझी जुडी सोलायला घेतली. बोटांना ढाळ्याची आंब लागली, आंबट, चिकट. मुंबई येईपर्यंत मी हात धुतला नाही.